टोचणारी घोंगडी

एक होता राजा. त्याच्या गावात दर मंगळवारी मोठा बाजार भरायचा. त्या बाजाराचा एक कायदा होता, बरं का. ओळीनं तीन मंगळवार ज्याचं काहीच खपलं नाही, त्याची जागा गेली. पुन्हा तिथं पाल ठोकायचं नाही.

त्या बाजारात भिवरा नावाची बाई घोंगड्या विकायची. स्वतः लोकर कातायची, स्वतः विणायची. घरी दोन लेकरं. जागा गेली तर खायचं काय?

घोंगडीवाले होते दहा, आणि दहाही जण एकच ओरडायचे, "मऊ घोंगडी! लोण्यासारखी मऊ!" आता मला सांगा, नवी घोंगडी कधी मऊ असते होय? लोक फसून फसून शहाणे झाले होते. बाकीचे नऊ जण परगावचा एखादा भोळा गाठून वेळ मारून न्यायचे. भिवराला ते जमेना.

पहिल्या मंगळवारी तीही "मऊ, मऊ" ओरडली. कुणी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या मंगळवारी तिनं डफ आणला. मग शेजाऱ्यानं ढोल आणला, त्याच्या शेजाऱ्यानं ताशा. लोकांचे कान किटले, पण भिवराची घोंगडी काही खपली नाही.

घरी येऊन ती मेंढीच्या गळ्यात पडून रडली. तर काय नवल! मेंढी बोलायला लागली. "अगं, मी मेंढी आहे, ससा नव्हे. माझी लोकर टोचते. खरं ते सांग की!" एवढं बोलून ती पाला खायला लागली. पुन्हा जन्मात बोलली नाही.

मग आला तिसरा मंगळवार. भिवरा खच्चून ओरडली, "टोचते हो टोचते! माझी घोंगडी टोचते!"

बाजार बघायला आलेला खुद्द राजा ते ऐकून घोड्यावरून उतरला. "काय गं बाई, आपल्याच मालाला नावं ठेवतेस?"

"महाराज, नवी आहे तोवर टोचणारच. वर्षभर वापरा, मग मऊ होईल. पण पावसाचा थेंब आत यायचा नाही."

राजानं घोंगडी अंगावर घेतली. "अगं आई गं! टोचली की!" आणि खो खो हसला. "तुझं एक बोलणं खरं निघालं. आता दुसरं बघू. ओता रे माझ्यावर घागर!"

ओतली. राजा घोंगडीतून बाहेर आला तो कोरडा ठणठणीत! मग काय विचारता, दुपारपर्यंत भिवराकडे घोंगडीचा धागा उरला नाही. राजानं बाजाराच्या मधोमध तिला कायमची जागा दिली.

पुढच्या मंगळवारी ते नऊ जण काय ओरडत होते, ठाऊक आहे? "आमची जास्त टोचते!" मेले कुठले! लोक हसले आणि सरळ भिवराच्या पालाकडे गेले.

मग भिवरा सुखात राहिली, तिची लेकरं पोटभर जेवली, आणि जेवून गुपचूप झोपली. तुम्हीही झोपा आता. मिटा डोळे.