चुरम्याचं माप

शैलजाने सोळा सोमवार निगुतीने केले आणि सतराव्या सोमवारी उद्यापनाचा चुरमा देवळात वाटला. मागाहून जेवण होतं ते घरच्यांपुरतंच. हे कळताच गावातलं बडं प्रस्थ असलेले तिचे चुलत सासरे अण्णासाहेब देवळातच, हातात प्रसाद घेऊन, भाऊबंदांसमोर कडाडले, "सूनबाई, उद्यापन आणि गावजेवण नाही? घराण्याची लाज काढलीस!"

शैलजाला धरणी दुभंगावी असं झालं. महिन्याचा खर्च आखून, त्या मापाबाहेर न जाता तिने लेकीच्या नर्सिंगच्या फीपुरते पैसे साठवले होते. नवरा पडल्या चेहऱ्याने पुटपुटला, "ते फीचे पैसे काढूया का गं?"

तिने मनोमन महादेवाला हात जोडले. "अण्णासाहेब, गेल्या वर्षी तुमच्याकडे हेच उद्यापन झालं. चुरम्याला कणीक किती घेतली होती?"

"पाच शेर. रीतीप्रमाणे!"

"घरात गव्हाची पोती रचलेली असताना दहा शेर का नाही घेतली?"

"खुळी का काय! माप वाढवलं तर व्रत मोडतं."

"मग मी संसाराचं माप कसं वाढवू? गरिबाला देवळात लाज वाटू नये, म्हणून तर देवाने सगळ्यांना एकच माप दिलं ना?"

अण्णासाहेबांचे कान लाल झाले. हातातल्या चुरम्यावरून त्यांची नजर वर उठेना. ते ओशाळून म्हणाले, "जेवण घरच्यांपुरतं म्हणालीस. मग आम्ही निघावं?"

"असं कसं? माझ्या हिशोबात पहिलं पान तुमचंच धरलंय."