उरलेल्या दुधाचा पाळणा

त्या साली चैतोबा महाराज धामणखेडच्या राममंदिरात मुक्कामाला होते. तिथे रामनवमीला पाळण्याची दोरी लेकुरवाळ्या बायकांच्या हाती असे, आणि पाळणा म्हणायचा मान कीर्तनकार त्र्यंबकबुवांचा.

सगुणा कोष्टीण खांबाआड उभी होती. तिचं तान्हं बारशाआधीच गेलं. त्याच्यासाठी कुणी पाळणा म्हटलाच नाही. मग मागावर हात चालू लागले की ओठांवर ओळी येत. त्यांचाच एक पाळणा झाला होता. तो एकदा रामापुढे म्हणावा, एवढीच तिची आस!

तिने भीतभीत विचारलं. बुवा सर्वांदेखत हसले. "अगं बाई, हा रामजन्म आहे की तेरावा? रडगाणी घरी म्हण!"

बायकांनी तोंडाला पदर लावला. सगुणा परत फिरली.

"सगुणे, थांब," महाराज म्हणाले.

सूर्य माथ्यावर आला. बुवांनी सूर लावला, बायकांनी दोरी ओढली. पण पाळणा जागचा हलेना! कड्यांना तेल घातलं. बुवांनी स्वतः दोरी ओढली, घामाघूम झाले. पाळणा जसा दगडाचा!

"हिचीच सावली पडली," कुणीतरी पुटपुटलं. सगुणा पुन्हा खांबाआड सरकली.

महाराज म्हणाले, "अरे, आईवाचून पाळणा हलतो का? म्हण, सगुणे."

"महाराज, माझं दुःखाचं आहे हो."

"कौसल्येच्या नशिबी का दुःख नव्हतं? म्हण, बाळ."

सगुणाने डोळे मिटले.

*रित्या पाळण्याची दोरी, वाऱ्याहाती दिली*
*माझ्या तान्ह्याची गं नीज, रामा, तुला वाहिली*

*उरलं आईचं गं दूध, डोळ्यांतून आलं*
*तुझ्या न्हाणाला रे रामा, तेच पाणी झालं*

दोरीला कुणाचाच हात नव्हता. तरी पाळणा हलला! संथ, लयीत, सगुणाच्या सुरावर झुलू लागला. हसणाऱ्या बायकांचे डोळे भरून आले. गुलाल उधळला, जयजयकाराने देऊळ दुमदुमलं. आपलं बाळ आज जोजवलं गेलं, असं सगुणाला वाटलं. किती दिवसांनी तिचा ऊर हलका झाला!

बुवांनी मात्र जयजयकार केला नाही. ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी सगुणाकडे बोट दाखवलं.

"माऊली," बुवा तिच्याकडे वळून म्हणाले, "माझी लेक यमू गेली, त्याच दिवशी मी कीर्तनाला उभा राहिलो. लोक म्हणाले, काय हे वैराग्य! मी रडलोच नाही गं."

सगुणाने झुलती दोरी त्यांच्या हाती दिली. "धरा, बुवा. आता यमूसाठी म्हणू."

दोरी हाती धरूनच बुवांनी तिच्यापुढे मस्तक टेकवलं. पाळणा झुलतच होता.