सिदगोंडाची स्टेपनी

उमळगी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात सिदगोंडा नावाचा एक भोळा पंक्चरवाला होता.

पंक्चर काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. घोळ एवढाच, की सांगितलेलं तो तसंच्या तसं करायचा. एकदा शाळेचे मास्तर त्याच्या दुकानापुढं सायकल लावून गेले आणि सायकलीवर लक्ष ठेव म्हणाले. कुणीतरी येऊन हँडलला अडकवलेली पिशवी काढून नेली. नेताना सिदगोंडानं बघितली. पण पिशवीचं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्याची थोरली बहीण कुसाक्का रिक्षा चालवायची. त्या भागात जत्रेला रिक्षांच्या शर्यती होत. गावतळ्याभोवती बारा फेऱ्या. सहा फेऱ्यांनंतर एक थांबा. तिथं हवं तर टायर बदलायचा आणि पुढं निघायचं. उमळगीचं रेसिंग मंडळ होतं. कुसाक्का चालवायची. टायरचं सगळं सिदगोंडाकडं. आणि मागच्या सीटवर मंडळाचे अध्यक्ष बाबगोंडा अण्णा फेटा बांधून बसायचे आणि लोकांना हात हलवायचे.

मागच्या सीटवर कुणी बसावं की बसू नये, याबद्दल नियमांत काहीच नव्हतं. म्हणून अण्णा बसायचे. अण्णांचं गावात वजन होतं. रिक्षात तर फारच होतं.

कुसाक्काला ही शर्यत जिवापाड प्रिय होती. दिवसभर ज्याला त्याला वाटेल तिथं ती रिक्षा थांबवायची. शर्यतीच्या त्या अर्ध्या तासात तिला कुणी थांब म्हणत नसे.

पण उमळगी जिंकत नव्हती. दर जत्रेला तेच. चौथ्या फेरीपर्यंत कुसाक्का सगळ्यांच्या पुढं. पाचव्या फेरीला मागचे टायर झिजायला लागायचे, वळणावर रिक्षा घसरायची आणि मागच्या रिक्षा एकेक करून पुढं निघून जायच्या. थांब्याला टायर बदलला, तरी दहाव्या फेरीला तोही तळहातासारखा गुळगुळीत.

असं का होतं, हे ठरवायला मंडळाची सभा भरली. एक जण म्हणाला, रस्ते खराब आहेत. दुसऱ्यानं रबर पूर्वीचं राहिलं नाही असं सांगितलं. तिसऱ्यानं वाऱ्यावर बोट ठेवलं. देवळातला म्हातारा गुरव उठला आणि म्हणाला, "मला वाटतं, वजन..." अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. "...वजनदार माणसं मंडळात असून हे व्हावं, याचं वाईट वाटतं," असं म्हणून गुरव खाली बसला. शेवटी चूक टायरची आहे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. टायर काही सभेला नव्हता.

मग अण्णांनी सांगितलं, की यंदाच्या चार जत्रा उरल्यात. त्यातली एकही शर्यत जिंकली नाही, तर पुढच्या सालापासून रिक्षा त्यांचा भाचा सुजित चालवेल. सुजितनं हातमोजे आधीच आणून ठेवले होते.

कुसाक्का घरी आली. तिनं भावाला समोर बसवून सांगितलं, की आता सगळं टायरवर आहे. टायर रस्त्याला घासला की झिजतो. तो झिजता कामा नये.

सिदगोंडानं मान हलवली आणि पाठ केलं. रस्त्याला घासला की झिजतो.

पहिली जत्रा बोरपाडीची. सिदगोंडानं पहाटेच उठून दाभण आणि सुतळी घेतली आणि रिक्षाच्या तिन्ही टायरांना गोणपाटाची जाड झूल शिवली. वरून झेंडूच्या माळा घातल्या. कुसाक्काला वाटलं, जत्रेची सजावट आहे.

निशाण पडलं. पहिल्याच वळणाला रिक्षा सारवलेल्या अंगणात पाय घसरावा तशी घसरली, गोल फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. अण्णा हात हलवत होते ते पाठीमागून येणाऱ्या रिक्षांना. दुसऱ्या फेरीला गोणपाट सुटून चाकात गुंडाळलं गेलं. उमळगीचा शेवटचा नंबर आला.

सिदगोंडानं कात्रीनं सुतळी कापली आणि बहिणीला टायर दाखवला. एक रेघसुद्धा पुसली गेली नव्हती. तो फार खूश होता.

कुसाक्कानं डोक्याला हात लावला. मग तिनं त्याला समजावलं. टायर झाकून चालत नाही, तो रस्त्याला लागायलाच हवा. झिजतो तो तापल्यामुळं. तेव्हा तापलेलं दिसलं, की पाणी ओतायचं, वाट बघायची नाही.

सिदगोंडानं मान हलवली आणि पाठ केलं. तापलेलं दिसलं, की पाणी ओतायचं.

दुसरी जत्रा हेळव्याची. थांब्यावर सिदगोंडा दोन बादल्या भरून तयार होता. सहा फेऱ्या झाल्या आणि कुसाक्का पाचव्या नंबरानं थांब्याला आली. अण्णांचा चेहरा लालबुंद. रस्त्याकडेच्या कुणीतरी त्यांना खाली उतरून ढकला असं सुचवलं होतं. मंडळाचे चिटणीस घाईघाईनं सिदगोंडाजवळ आले आणि कानात म्हणाले, "अण्णा लई तापलेत. जरा सांभाळ."

सिदगोंडानं अण्णांकडं बघितलं. तापलेले दिसत होते. त्यानं पहिली बादली त्यांच्यावर ओतली. तरी ते निवले नाहीत, उलट जास्तच लाल झाले. म्हणून दुसरीही ओतली. फेट्याचा गुलाबी रंग सदऱ्यावर उतरला. तोवर आणखी दोन रिक्षा पुढं निघून गेल्या, आणि टायर तसाच कोरडा आणि तापलेला राहिला.

त्या दिवशी घरी परत येईपर्यंत अण्णा फेटा पिळत होते. सुजितनं मात्र कुसाक्काला सीट मागंपुढं सरकते का, ते विचारलं.

रात्री जेवताना कुसाक्कानं भावाला पुन्हा समजावलं. टायर तापणं वेगळं आणि माणूस तापणं वेगळं. तापलेल्यावर असं पाणी ओततात का? तापलेल्यापुढं हात जोडायचे, गोड बोलायचं, आपलंच चुकलं म्हणायचं आणि निवायला जरा वेळ द्यायचा.

सिदगोंडानं मान हलवली आणि पाठ केलं. हात जोडायचे, गोड बोलायचं, वेळ द्यायचा.

तिसरी जत्रा निमशिरची. या वेळी कुसाक्कानं रिक्षा फार जपून चालवली. वळणावर हळू घेतली, सरळ रस्त्याला सोडली आणि थांब्याला तिसऱ्या नंबरानं आली. अजून हातात होतं. सिदगोंडा पाना घेऊन धावला. त्यानं मागच्या टायरला हात लावला आणि चटका बसला म्हणून मागं घेतला. टायर तापला होता.

त्यानं पाना खाली ठेवला. चाकापुढं गुडघे टेकून बसला आणि हात जोडले.

"चुकलं आमचं," तो म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी एवढं पळता. सगळा भार तुमच्यावर. आम्ही कधी विचारपूस केली नाही. राग धरू नका."

वर सीटवर बसलेल्या अण्णांना हेळव्याची गोष्ट आठवली. ही माफी आपल्यालाच, असं वाटून ते विरघळले. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "चुकतं माणसाचं."

बाकीच्या रिक्षा टायर बदलून निघून गेल्या. कुसाक्काला वाटत होतं, मागं नट सैल होतायत. तिनं वळून विचारलं, की झालं का.

"निवतायत," सिदगोंडा म्हणाला. "जरा वेळ दे, अक्का."

उमळगीचा नंबर पुन्हा शेवटून पहिला आला. अण्णा मात्र सगळीकडं सांगत होते, की पोरगा मनानं चांगला आहे.

आता एकच जत्रा राहिली, उमळगीची स्वतःची. या वेळी कुसाक्का भावावर ओरडली नाही. ती दुकानात आली, त्याच्याशेजारी उलट्या डब्यावर बसली आणि पाण्याच्या घमेल्यातला बुडबुडा बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण ते तिनं दाबलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"सिद्या, नीट ऐक. झिजलेला दिसला, की काढायचा. त्याच्या जागी नवा घालायचा. पाणी नाही, हात जोडणं नाही, बोलणं नाही. काढायचा आणि नवा घालायचा."

"कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही."

सिदगोंडानं मान हलवली. बहिणीचा चेहरा बघून त्यानं या वेळी दुप्पट पाठ केलं. आठ दिवस तो पंक्चर काढताना, भाकरी खाताना, देवाला नमस्कार करताना तेच पुटपुटत होता. झिजलेला दिसला, की काढायचा. कुणालाच विचारायचं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. सगळं गाव तळ्याकाठी लोटलं. सुजित हातमोजे घालून उभा होता. कुसाक्कानं सहा फेऱ्या जीव मुठीत धरून काढल्या आणि चौथ्या नंबरानं थांब्याला आली. मागचे टायर नेहमीसारखेच झिजले होते. सिदगोंडा पाना आणि स्टेपनी घेऊन धावला, चाकाशी बसला, पहिल्या नटाला पाना लावला.

तेवढ्यात अण्णांना समोर आपलं सगळं गाव दिसलं. टायर बदलेपर्यंत दोन शब्द बोलावेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी रिक्षातूनच हात लांब करून निवेदकाचा माइक घेतला.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "या मंडळासाठी मी बावीस वर्षं झिजलो. चंदनासारखा झिजलो. माझ्याइतका या गावात कुणी झिजला नसेल."

सिदगोंडाचा हात थांबला. त्यानं टायरकडं बघितलं. टायर झिजला होता, पण तो यंदाच घातलेला होता. त्यानं अण्णांकडं बघितलं. बावीस वर्षं, आणि ते स्वतः सांगत होते. सगळ्यात जास्त झिजलेलं कोण, यात आता शंका राहिली नव्हती.

त्यानं लावलेला नट पुन्हा आवळला. उठला. अण्णांच्या काखेत हात घातले, ट्रकचं चाक उतरवावं तसं त्यांना माइकसकट उतरवलं आणि कडुनिंबाच्या पाराला टेकवून उभं केलं. मग त्यांच्या जागी स्टेपनी ठेवली. वळणावर पडू नये म्हणून अण्णांच्याच उपरण्यानं ती सीटला बांधली. कुणाला विचारलं नाही. बोलला नाही. हात जोडले नाहीत. रिक्षाच्या पाठीवर थाप मारली.

कुसाक्कानं मागं बघितलं नाही. थाप ऐकली आणि निघाली.

सातव्या फेरीला तिच्या लक्षात आलं, की रिक्षा चढावर कुरकुरत नाही. आठव्या फेरीला वळणावर घसरली नाही. तिला वाटलं, नवा टायर फार चांगला निघाला. नवव्या फेरीला तिनं एकाला मागं टाकलं, दहाव्याला दुसऱ्याला. बाराव्या फेरीत देवळाच्या वळणाला ती आतल्या अंगानं घुसली आणि तिसऱ्यालाही मागं टाकून दोरी तोडून गेली. उमळगी जिंकली.

लोक धावत आले. कुसाक्का खाली उतरली आणि तिनं आधी टायर बघितला. जुनाच होता. मग सीट बघितली. सीटवर उपरणं बांधलेली स्टेपनी होती. सगळं तिला उमगलं तेव्हा ती रस्त्यातच खाली बसली आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. गुरव शेजारी उभा होता. तो म्हणाला, मी सभेतच सांगत होतो. सुजितनं हातमोजे काढून खिशात घातले.

मग बक्षीस समारंभ झाला. पाहुणे तालुक्याहून आले होते, त्यांना गावातलं कुणी माहीत नव्हतं. मधल्या खुर्चीवर बसेल त्याला शाल, हार आणि श्रीफळ द्यायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. निवेदकानं जिंकलेल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मंचावर यावं, अशी विनंती केली.

अण्णा धोतर झटकत पायऱ्यांपर्यंत आले. सिदगोंडानं त्यांना अदबीनं बाजूला घेतलं.

"अण्णा, तुम्हाला काढलंय," तो म्हणाला.

त्यानं स्टेपनी गडगडत मंचावर नेली आणि मधल्या खुर्चीवर ठेवली. पाहुण्यांनी तिला शाल पांघरली, हार घातला आणि नारळ मधल्या भोकात ठेवला. लोक अध्यक्षांच्या भाषणाची वाट बघत गप्प बसले. अध्यक्ष काही बोलले नाहीत. अध्यक्षांचं एवढं थोडक्यात भाषण गावानं कधी ऐकलं नव्हतं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुण्यांनी सिदगोंडाकडं माइक दिला आणि आपल्या अध्यक्षांविषयी दोन शब्द सांगा म्हणाले.

सिदगोंडानं माइक हातात घेतला.

"हे नवे आहेत," तो म्हणाला. "मंडळासाठी अजून कणभरसुद्धा झिजलेले नाहीत. झिजले, की यांनाही काढू."