सणाचे फुगे

समुद्राकाठच्या एका गावात कातरीन नावाची बाई राहत होती. गावचं चर्च महादूत मिखाएलचं. सप्टेंबर सरता सरता त्याचा सण येई. नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, मग मिस्साची उपासना, बँडच्या तालावर मिरवणूक, आणि शेवटी साऱ्या गावाला आंबवलेल्या पिठाचे ताजे तळलेले गोल फुगे. ते फुगे करण्याचा मान एकाच घराला मिळे.

गेली कित्येक वर्षं तो मान कातरीनच्या शेजारणीला, फिलूला मिळत होता. "फिलूचे फुगे म्हणजे कापूस!" असं खुद्द कातरीनचा नवराही म्हणे. ते ऐकलं की कातरीनच्या घशाखाली घास उतरत नसे.

यंदा नोव्हेनाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं गाव चर्चमध्ये होतं. डोकं दुखतंय म्हणून कातरीन मागे राहिली. फिलूच्या स्वयंपाकघरात पीठ आंबायला ठेवलं होतं. कातरीनने आत शिरून त्यात ओंजळभर मीठ कालवलं.

सकाळी दारात फिलू उभी. हाताला पट्टी, कडेवर पिठाचं पातेलं.

"कातू, उकळतं पाणी सांडून हात भाजला बघ. फादरांना सांगून आलेय, यंदाचे फुगे तुझ्या हातचे. तुझ्याइतकं कुणाला जमणार?"

कातरीनने पातेलं घेतलं. नवं पीठ आंबवायला वेळ नव्हता. ती तेच पीठ तळायला बसली.

मिरवणुकीत महादूताचा पुतळा तिच्यासमोरून गेला. हातात तलवार अन् तराजू, पायाखाली सैतान. तिची मान वर होईना. नजर सैतानावरच खिळली.

मग फुगे वाटले. पहिल्याच घासाला लोकांची तोंडं वाकडी झाली. कुणी थुंकलं. "कातरीनचा हात तो!" कुणीतरी हसलं.

फिलू घाईने पुढे आली. "तिला बोल लावू नका. पीठ माझं होतं. मीच दोनदा मीठ घातलं असेन."

कातरीन सुटली होती. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिच्याने राहवेना.

"पीठ फिलूचं, फादर," ती म्हणाली. "मीठ माझं. मुद्दाम घातलेलं."

फिलूने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग भाजलेला हात तिच्यापुढे धरून म्हणाली, "पट्टी सैल झालीय. नीट बांध."

तात्पर्य: मत्सरापोटी दुसऱ्याचं बिघडवायला जावं, तर ते निस्तरावं आपल्यालाच लागतं, आणि कबुली दिल्यावाचून ते निस्तरत नाही.