होकायंत्राची मान

खानविलकरसाहेबांनी नव्या शिडाच्या बोटीवर सगळी यंत्रं आपल्याच पसंतीने बसवून घेतली. सुकाणूपाशी गाणी हवीत म्हणून भला मोठा स्पीकर होकायंत्राला खेटून लावायला लावला. त्यांच्या पदरचे तिघे इंजिनिअर म्हणाले, "वा, साहेब!"

आपोआप सुकाणू फिरवणारं यंत्र होकायंत्रावरूनच दिशा घेई. चाचणीला बोट दोनदा खडकांकडे वळली. साहेबांनी होकायंत्र बदललं, मग तेही बदललं. तिघेही इंजिनिअर म्हणाले, "हल्ली माल चांगला येत नाही, साहेब."

शेवटी मालवण बंदरात मच्छीमार होड्यांचं वायरिंग करणाऱ्या हेमलता मेथरला बोलावलं.

"तिसरं आहे हे," साहेब गरजले. "हेही बिघडलेलंच!"

तिने स्पीकर उतरवला आणि होकायंत्राभोवती फिरवला. स्पीकरमधल्या चुंबकामागे सुई गोल फिरली. स्पीकर धक्क्यावर नेऊन ठेवताच ती मुकाट उत्तरेला लागली.

"मग इतके दिवस खोटं का दाखवत होतं?"

"त्याचा काय दोष, साहेब? ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे मान वळवायची, ही तुमच्या बोटीवरची रीतच आहे."

साहेबांनी चमकून इंजिनिअरांकडे पाहिलं. हसावं की नाही हे कळायला तिघेही साहेबांच्याच तोंडाकडे बघत होते.