ठकू सुईणीचा दोरा

फार फार वर्षांपूर्वी, गावाला रस्ता नव्हता तेव्हा, आमच्याकडे ठकू नावाची सुईण होती. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलं, असं म्हणतात. अख्खं म्हणजे किती, ते मला विचारू नका.

एका वर्षी हौसाचं पोट वाढायला लागलं. पोर सोळाची, बाप मेलेला, अजून एकदाही कावळा शिवला नव्हता. पण गावाला काय त्याचं! पाणवठ्यावर बाया घागर बुडवायची थांबून तिच्या पोटाकडे बघायच्या. सगळ्यांचा एकच सवाल, "कुणाचं?" आईनंही तेच विचारलं, आणि जीव दे म्हणून विहिरीकडे बोट दाखवलं. सख्खी आई, बरं का.

ठकूनं मात्र विचारलं, "कधीपासून?"

पोर रडायलाच लागली. "मावशी, वर्ष झालं. दर महिन्याला चार दिवस दुखून पोट फुटायची वेळ येते, मग आपोआप थांबतं. कालपासून लघवीपण होत नाही."

ठकूनं तिला पाठीवर घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरली. गाव म्हणालं, पाडायला नेतेय. नावाड्यानं नाव दिली नाही. तेव्हा नदी ठकूच्या गुडघ्यापर्यंत उतरली, असं म्हणतात. मी म्हणते, म्हातारी गळ्यापर्यंत भिजली असणार.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाळी येत होती, पण बाहेरच्या वाटेवर जन्मापासूनच पडदा बंद होता. वर्षाचं रक्त आत साठलेलं. लहानशी चीर दिली आणि पोर वाचली.

पोर सपाट पोटानं परत आल्यावर गाव आणखीच पेटलं. ठकूनं कनवटीचा काळा दोरा काढला. दवाखान्यात हौसाला विचारून तिनं दुखण्याच्या दर खेपेची एक गाठ मारली होती. एकेक गाठ धरून ती पाणवठ्यावर बायांना विचारत गेली. संक्रांतीनंतर तुझ्या हरभऱ्यात पोर पोट धरून बसली होती का? होळीनंतर तुझ्या जात्यावर? बाया खाली मान घालून हो म्हणत गेल्या. सगळ्यांनी बघितलं होतं; महिन्याच्या महिन्याला दुखणारं ते पोर नव्हतं, अडलेली पाळी होती. शेवटच्या गाठीला आईनं लेकीचे पाय धरले.

अजून आमच्याकडे मुलगी बारा वर्षांची झाली की आई तिला काळा दोरा देते. दर पाळीला एक गाठ. पंधरा पुरी होऊनही दोरा कोरा राहिला, पाळी नसताना दर महिन्याला पोट दुखलं, दुखण्यानं शाळा बुडली किंवा रक्त आठवड्यात थांबलं नाही, तर आई दोऱ्यासकट तिला दवाखान्यात नेते. वाटेत भेटलेली बाई एवढंच विचारते, "कधीपासून गं?"

'कुणाचं' हे आमच्याकडे आता फक्त चुकलेल्या शेरडाबद्दल विचारतात.