अवधानाची गाठ

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य विद्या शिकत होता. काढे, लेप, त्यांची प्रमाणे त्याला मुखोद्गत होती. त्याच्यात एकच दोष होता आणि तो गुणासारखा दिसे. आजारी माणूस समोर आला की त्याचे हात स्वस्थ बसत नसत.

एकदा वैद्य पलीकडच्या गावी एका बाळंतिणीला पाहायला गेले. ते तिथेच अडकून पडले असताना इकडे धर्मा नावाड्याच्या तळपायात वेळूचा खुंट घुसला. नाव काठाला ओढून घेताना चिखलात रुतलेला खुंट त्याला दिसला नव्हता. शिष्याने खुंट उपटून काढला, जखम धुतली, तीत हळदीचा दाट लेप दाबून भरला आणि पट्टी बांधली. काही दिवसांत जखमेचे तोंड मिटले. तळपायावर तांदळाच्या दाण्याएवढी फिकट खूण तेवढी राहिली. धर्माची बायको येसू शिष्याच्या पाया पडली. त्याने मागे सरून 'नको, नको' म्हटले, पण त्याला बरे वाटले.

त्यानंतर धर्माला ताप चढला. त्याच पायाच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. हातापायाला काही लागले की काखेत किंवा जांघेत अशी गाठ उठते. तिला आपल्याकडे अवधान म्हणतात.

"अवधान आलंय, उतरवायला पायजे," जो तो येसूला सांगू लागला. तिने तापलेल्या मिठाच्या पुरचुंडीने गाठ शेकली. शेजारच्या म्हातारीने राख लावून ती चोळली. गाठ आणखी टणक झाली. धर्माला कूस बदलता येईना. मागच्या साली वरच्या आळीतला एक माणूस असाच तापात गेला होता, हे कोणी बोलत नव्हते. पण दारात उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांत ते दिसत होते.

शिष्याने गाठीवर एकामागून एक लेप लावून पाहिले. मग त्याने ठरवले, गाठ चिरायची.

सकाळची वेळ होती. त्याने पाते दिव्यावर धरले. येसूने नवऱ्याचे खांदे दाबून धरले.

"धाकले वैद्य," धर्मा क्षीण आवाजात म्हणाला, "जपून चिरा. वल्हं मोडलं तर दुसरं करता येतं. पाय न्हाई येत करता."

"बोलू नका तुम्ही," येसू म्हणाली.

"मग काय करू? गाणं म्हणू?"

शिष्य गाठीवर वाकला. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब."

वैद्य परतले होते. ते थेट रोग्याकडे आले नाहीत. त्यांनी ऊन पाणी मागितले आणि कोपरापर्यंत हात धुतले. नखे एकेक करून धुतली. शिष्याच्या हातातले पाते निवून गेले. मग वैद्य बसले, गाठीच्या कडेला अलगद दोन बोटे ठेवली आणि म्हणाले, "हिचं काम चोख चाललं आहे. हिला कोणी हात लावायचा नाही."

येसूला राग आला. "काम? त्या गाठीपायी माणूस माझा आडवा झालाय, बाबा."

वैद्य उठले. ते धर्माच्या पायाशी जाऊन बसले. त्या फिकट खुणेभोवती त्यांनी हलकेच दाबले. धर्माने दातात धरलेला पंचा कचकन चावला. खुणेपासून निघालेली एक तांबूस रेघ घोट्यापर्यंत चढली होती. ती तोवर कोणी पाहिलीच नव्हती, कारण सगळे जांघेकडे पाहत होते.

"पातं पाण्यात उकळ," वैद्य शिष्याला म्हणाले. "इथे उघडायचं आहे."

"गुरुजी, ती जखम भरली आहे. मी स्वतः रोज पाहत होतो."

"मिटली आहे. भरली की नाही ते पाहू."

येसू उठून मध्ये उभी राहिली. "दुखतंय वर आन् तुम्ही फाडताय खाली. बरी झालेली तेवढी एकच जागा राहिलीय त्यांच्या अंगावर. आत काय न्हाई निघालं तर?"

"तर सगळ्या गावाला सांग, म्हाताऱ्याची दृष्टी गेली, उगाच माझ्या धन्याला दुखवलं. मी नाही म्हणणार नाही."

येसू बाजूला झाली आणि तिने धर्माचे डोके मांडीवर घेतले.

पाते टेकताच पू उसळून बाहेर आला. घरभर दुर्गंधी पसरली. वैद्य ऊन पाण्याने धूत राहिले, आणि शेवटी चिमट्याने त्यांनी आतून वेळूची एक कामटी बाहेर काढली. तिला हळदीचा लेप चिकटलेला होता. शिष्याने आपला लेप ओळखला. आपल्याच हाताने त्याने तो कामटीवर दाबून बसवला होता.

वैद्यांनी उकळलेल्या फडक्याची सैल वात जखमेत ठेवली, तोंड इतक्यात मिटू नये म्हणून. मग ते ओसरीवर येऊन बसले. शिष्य खाली मान घालून समोर उभा राहिला.

"अवधान म्हणजे काय रे?" वैद्यांनी विचारले.

"जांघेत किंवा काखेत येणारी गाठ, गुरुजी."

"आणि पोथी सांगणारा समोरच्यांना अवधान द्या म्हणतो, तेव्हा?"

"तेव्हा... लक्ष."

"गाठीला हे नाव कोणी दिलं ते मला ठाऊक नाही. पण ते मला फार योग्य वाटतं. पायात विष शिरलं की ते वर चढू पाहतं. शरीर त्याला जांघेत गाठतं, तिथे आपली सगळी शक्ती एकवटतं. म्हणून ती जागा सुजते, दुखते. ती गाठ म्हणजे शरीराने शत्रूकडे दिलेलं लक्ष आहे. ती आपल्याला हाक मारते की खाली पाहा. तुम्ही तिलाच शेकलंत, चोळलंत, आणि तू तिला चिरायला निघालास. जखम आपण भरत नसतो, बाळ. ती भरते. आपण तिच्या वाटेतली घाण काढायची आणि मग राखण करायची."

"आता पाय वाचेल?"

"सांगता येत नाही. औषध तू पुष्कळ दिलंस. आता शुश्रूषा कर."

शिष्य तिथेच राहिला. त्याने तांबूस रेघेच्या टोकाशी कोळशाने खूण केली. धर्माचा पाय घडी केलेल्या वाकळीवर उंच ठेवला. प्रत्येक वेळी आधी हात धुतले, वात बदलली, वाहिलेल्या पुवाचा रंग पाहिला, पातळ पेज चमच्याने पाजली. दुपारनंतर रेघ खुणेच्या बोटभर वर गेली. त्याचे हात लेपाच्या वाटीकडे गेले. त्याने ते मागे घेतले, जखम पुन्हा धुतली आणि वैद्यांना हाक मारली. वैद्यांनी पाहिले आणि म्हणाले, "करतोस तेच कर." त्यापेक्षा कठीण आज्ञा त्याने कधी ऐकली नव्हती.

येसू भिंतीला टेकून त्या कोळशाच्या खुणेकडे पाहत होती. रात्री तिने एकदाच विचारले, "चढतीय का?"

"दुपारी होती तिथेच आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना रेघ खुणेच्या खाली उतरलेली होती. धर्माच्या कपाळावर घाम आला होता. डोळे उघडून त्याने शिष्याकडे पाहिले. "धाकले वैद्य, तुम्हीच आजारी दिसताय की."

येसू तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता रडू लागली.

जखम तळापासून हळूहळू भरत आली. एके सकाळी पेज पाजताना येसूच्या ध्यानात आले की धर्मा मांडी घालून बसला आहे. "अवधान गेलं की," ती म्हणाली. "कोणी उतरवलं, बाबा?"

"कोणी नाही," वैद्य म्हणाले. "हा इथे लक्ष देऊन बसला होता ना. मग अवधानाला जागं राहायचं कारण उरलं नाही."

शिष्य वात बदलायला हात धुऊ लागला.

पुढे एकदा एक बाई काखेत गाठ आली म्हणून कण्हत दारात आली. वैद्य झोपाळ्यावर बसून पाहत होते. शिष्याने आधी आपले हात धुतले. मग तिचा हात हातात घेऊन तो उजेडाकडे वळवला आणि एकेक बोट निरखून पाहू लागला.